दवाखान्याचा पडदा मंडईला गेला

बोलण्याचा सराव मला नाही, ऐकण्याचा आहे. मी पडदा. खिडकीला लटकणारा नव्हे आणि नाटकातलाही नव्हे. लोखंडी नळीच्या तीन चौकटी, त्यांत ताणून बसवलेलं हिरवं कापड आणि पायांना छोटी चाकं, त्यातलं एक बारा महिने कुरकुरतं. तपासणीच्या खाटेभोवती मला उभं करतात. माझ्या अलीकडे पेशंट आणि सिस्टर, पलीकडे बाकावर बसलेलं अर्धं गाव. डोळ्यांना मी अडवतो. कानांना अडवणं माझ्या हाती नाही, तरी लोक मला भिंत समजूनच बोलतात.

माझा जन्म गोंदियातला. एका वेल्डिंगच्या दुकानात मला घडवलं आणि शेजारच्या टेलरनं पांढरं कापड चढवलं. तिथून मी गेलो स्टेशनजवळच्या एका गल्लीत, एका डॉक्टरच्या दवाखान्यात. पाटीवर लाल अक्षरांत ‘गुप्तरोग’ लिहिलेलं होतं. पुढच्या दारातून सर्दी-खोकल्याची माणसं येत आणि मागच्या दारातून माझी.

माझी माणसं म्हणजे ट्रकवाले, राईस मिलचे हमाल, कापडाचे दुकानदार, एकदा तर वर्गात शिस्तीसाठी गाजलेले एक मास्तर. माझ्याआड आले की सगळ्यांचा आवाज सारखाच बारीक व्हायचा.

“डॉक्टर साब, घर में पता नहीं चलना चाहिए.”

“नहीं चलेगा,” डॉक्टर म्हणायचे आणि मलमाची ट्यूब व चार गोळ्या द्यायचे.

थोड्या दिवसांनी फोड बसायचा. माणूस खूश होऊन यायचा, कोणी पेढेही आणायचा. तो फोड औषधानं बसत नाही, आपोआप बसतो आणि रोग मात्र रक्तात मुक्काम करून राहतो, हे मला तिथे कोणी सांगितलं नाही. ते मला पुढे गावाकडे आल्यावर कळलं. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. त्या मागच्या दारानं कोणाची बायको कधीच आत आली नाही. डॉक्टरनंही कोणाला घरच्या बाईबद्दल विचारलं नाही.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. त्यांच्या मुलानं टेबल-खुर्च्या विकल्या. मला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ओळखीतल्या कोणाच्या तरी हस्ते मला एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दान करून टाकलं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भिजतात, त्यातलंच हे एक गाव. इथे माझं पांढरं कापड जाऊन हिरवं आलं. त्याहून मोठा बदल म्हणजे इथे माझ्याआड बायका आल्या.

इथे नियम असा आहे की गरोदर बाई पहिल्यांदा आली की तिचं बोट टोचायचं आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. एक रेघ उमटली तर ठीक. दोन उमटल्या तर सिफिलिस असण्याची शंका. पुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, जुनी माणसं गरमी म्हणतात. बायकांना यातलं काही ठाऊक नसतं. त्या बोट पदरात गुंडाळून बसतात आणि पट्टीकडे न बघता घरच्या कामांचा विचार करत राहतात.

हे काम नूतन सिस्टर करते. साकोलीकडची आहे, बदली होऊन नुकतीच आलेली. पट्टीवर रेघ उमटेपर्यंत ती पेशंटला भलतंच काहीतरी विचारते. धानाची रोवणी झाली का, चटणी कशाची केली होती, बांगड्या कुठून घेतल्या. तिच्या हाताखालून इतक्या बायका गेल्या तरी ही चौकशी तिनं कधी उरकून टाकली नाही. माणूस म्हणून मला ती आवडते.

श्रावणात रोवणी आटोपल्यावर दामिनी आली. शांतीबाईची मोठी सून, माहेर देवरीकडचं, तिसरा महिना सुरू होता. नवरा हिमांशू हैदराबादला फरशी बसवायच्या कामावर असतो. उन्हाळ्यात घरी येतो, रोवणी करून परत जातो आणि मग उगवतो तो दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेलाच. दामिनीचं हे दुसरं गरोदरपण. पहिलं लेकरू मागच्या वर्षी सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

सिस्टरनं बोट टोचलं आणि विचारलं, “अंबाडी लावली का यंदा?”

“लावली ना. बांधाच्या काठानं,” दामिनी म्हणाली.

मग सिस्टरनं पट्टीकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. तिनं स्टूल ओढून दामिनीच्या अगदी जवळ घेतलं, माझी बाजूची चौकट आणखी आत वळवली. मी समजलो.

तालुक्याच्या दवाखान्यातून पक्की तपासणी होऊन आली, तेव्हा सिस्टर दामिनीला पुन्हा माझ्याआड घेऊन बसली आणि रोगाचं नाव सांगितलं. दामिनी म्हणाली, “मी कोनाजवर गेलो नाही, सिस्टर.”

“मी तसं विचारलंच नाही. हा रोग नवऱ्याकडून बायकोला येतो आणि बायकोकडून पोटातल्या लेकराला. ज्याच्याकडून येतो त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.”

“मागचं लेकरू यानंच गेलं का?”

“असू शकतं. आता खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही.”

“आन हे?”

“हे वाचवता येतं. पेनिसिलीनची सुई आहे, जुनं आणि हमखास औषध. डॉक्टर मॅडम आठवड्याला एक अशा तीन देतील. पण तुझ्या नवऱ्यालाही तपासून सुई द्यावी लागेल. नाहीतर तू बरी होशील, तो मंडईला येईल आणि तुला पुन्हा लागण होईल. मग पोटातल्या लेकराची खात्री नाही.”

दामिनीनं मान हलवली. मग तिनं विचारलं, “घरी काय सांगू?”

“सासूला इतकंच सांग की रक्तात दोष आहे आणि नवरा-बायको दोघांनाही सुई घ्यायची आहे. रोगाचं नाव फक्त नवऱ्याला सांग. बाकी कोणालाही नाही.”

सल्ला बरोबरच होता. पेशंटची गोष्ट पेशंटपाशी राहावी यासाठीच तर मी उभा असतो. पुढचा सगळा घोटाळा मात्र याच झाकलेल्या गोष्टीतून झाला.

दामिनीनं तिन्ही सुया घेतल्या. ती सुई बरीच दुखते. कंबरेखाली देतात आणि पाय जड होतो. दामिनी माझी नळी घट्ट धरून उभी राहायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. फोनवर नवऱ्याला तिनं, तुम्हालाही सुई घ्यायची आहे, आल्यावर सांगते, एवढंच म्हटलं. घरात फोन एकच आणि तो सासूच्या कमरेला, त्यामुळे जास्त बोलणं शक्य नव्हतं. मग पोळा झाल्यावर भाऊ न्यायला आला आणि ती माहेरी गेली. भाऊबीज करून मंडईला परत येणार होती.

इकडे सिस्टरनं शांतीबाईचा पिच्छा पुरवला. बाजारात दिसली की, दवाखान्यात दिसली की एकच विचारणं, हिमांशू कधी येणार. हिमांशूला फोन लावला तर तो अनोळखी नंबर उचलत नसे. शेवटी सिस्टर म्हणाली, “मंडईला येईल ना? त्याच दिवशी मी घरी येऊन त्याला घेऊन जाते.”

ही गोष्ट शांतीबाईच्या जिवाला लागली. मंडईचा दिवस म्हणजे घर सोयऱ्यांनी भरलेलं. त्यांच्या देखत सिस्टर येणार आणि कमावत्या पोराला सुई टोचायला नेणार. लोक काय काय बोलतील ते तिला आत्ताच ऐकू येऊ लागलं होतं. म्हणून तिनं स्वतःच मार्ग काढला.

नवरात्रात एक दिवस ती धाकट्या पोराला, गुड्डूला, घेऊन आली. गुड्डूचं लग्न व्हायचं आहे. अंगानं किडमिडीत, दिसायला नाजूक, आणि सुईचं नाव काढलं की पांढरा पडणारा. दोघं माझ्या पलीकडे बाकावर टेकली.

“नाव भावाचं सांगजो,” शांतीबाई हळूच म्हणाली.

“काऊन?”

“सुई त्याच्या नावाची होय. शिवरात्रीले नागऱ्याच्या महादेवाले जल चढवलं होतंस, तवा कोनाचं नाव घेतलं होतं?”

“भाऊचं.”

“मंग? पुजाऱ्यानं काही म्हनलं का? घरच्या मानसानं घेतलं का झालं.”

यात शांतीबाईचा कावा नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. हिमांशू परगावी, त्यामुळे त्याच्या नावाचं सगळं गुड्डूच करत आला होता. त्याच्या नावचा नवस गुड्डूनं फेडला, सोयऱ्यांच्या लग्नात त्याच्या नावचा आहेर गुड्डूनं दिला, गणपतीत आरतीला त्याच्या जागी गुड्डूच उभा राहिला. देवाला चालतं ते दवाखान्याला का चालू नये, असा तिचा साधा हिशोब होता. सुई कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

सिस्टरनं हिमांशूला कधी पाहिलेलं नव्हतं, सणाला लवकर आला असेल असंच तिला वाटलं. तिनं नाव विचारलं, गुड्डूनं भावाचं सांगितलं. तिनं बोट टोचलं आणि विचारलं, “हैदराबादला जेवणाचं कसं काय?”

“तिकडे… भात भेटते,” गुड्डू म्हणाला. त्यानं देवरीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

पट्टीवर एकच रेघ उमटली. सिस्टर गोंधळली, डॉक्टर मॅडमना विचारून आली. मॅडम म्हणाल्या, बायकोचा रिपोर्ट पक्का आहे, तेव्हा नवऱ्याला सुई द्यायचीच. मग तिनं गुड्डूला समजावलं, “तुमचं रक्त साफ दिसतं. पण बायकोसाठी घ्यावीच लागते.”

बायको शब्द ऐकून गुड्डू कानापर्यंत लाल झाला. पुढे सुई टोचली तेव्हा त्यानं “अगा माय वो” म्हणून जी हाळी दिली, ती बाहेर सायकलच्या दुकानापर्यंत गेली. मी हे सगळं बघत होतो. कुरकुरणाऱ्या एका चाकापलीकडे मला आवाज नाही, आणि ते चाकसुद्धा कोणी ढकलल्याशिवाय बोलत नाही.

लंगडत बाहेर आलेल्या पोराला शांतीबाईनं विचारलं, “काय म्हने सिस्टर?”

“रक्त साफ आहे म्हनते.”

शांतीबाईचा चेहरा उजळला आणि लगेच कठोरही झाला. “म्हंजे माह्या हिमांशूचं रक्त साफ. मंग दोष तिचाच.”

“पन आई, रक्त तर माहं होतं.”

“एकाच पोटचे तुमी दोघं. रक्त का वेगरं वेगरं रायते?”

गुड्डूचं सगळं लक्ष सुई टोचली होती तिकडे होतं.

शांतीबाईनं ही गोष्ट फक्त आपल्या बहिणीला सांगितली आणि बहिणीनंही फक्त एकीलाच सांगितली. दिवाळीपर्यंत ती माझ्या पलीकडच्या बाकावर येऊन पोचली. लेकरांना डोस द्यायला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, शांतीबाईच्या सुनेचं रक्त खराब निघालं, पोराचं साफ आहे, आता तुम्हीच समजा. पहिलं लेकरू गेलं ते उगाच नाही, असंही कोणी म्हणालं. शांतीबाईनं ठरवलं होतं की मंडईला सून आली की तिला भावासोबत तशीच देवरीला परत पाठवायचं, बाकीचं हिमांशू बघेल.

पोटात सहा महिन्यांचं लेकरू घेऊन दामिनी दाराबाहेर उभी राहणार होती. आणि ज्याच्या रक्तात रोग होता तो साफ ठरून घरात बसणार होता. मला राग आला. पडद्याला राग येऊन उपयोग काय, तरी आला.

आता मंडईचं सांगतो, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदाच दवाखान्याबाहेर पडलो.

आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगाव मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी-जावई, सोयरे-धायरे त्या दिवशी येतात, घरोघरी चुली विझत नाहीत, बाजार भरतो आणि दुपारी पिंपळाखाली दंडार होते, म्हणजे ढोलकीवर नाच, गाणी आणि सोंगं. सोंगांतली बायकांची कामंही पुरुषच करतात. सामान सगळं उसनं. शाळेची सतरंजी, ग्रामपंचायतीचा भोंगा, कोणाच्या वहिनीचं लुगडं. यंदा दंडारीचा म्होरक्या बकाराम दवाखान्यात आला आणि म्हणाला, “सिस्टर, सोंगं सजवाले आडोसा पायजे. रविवारचा तुमचा पडदा रिकामाच रायते.”

सिस्टरनं मॅडमना विचारलं आणि, धुऊन परत आणायचा, या अटीवर मला दिलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भोंग्याशेजारी उभा राहून मी मंडईला गेलो. इतकी वर्षं औषधांचा वास घेतल्यावर भज्यांचा वास घेतला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

पिंपळामागे मला उभं केलं. माझ्याआड गुड्डू बसला. दंडारीत तो राणी होता. अंगात लुगडं, हातात बांगड्या, चेहऱ्याला पावडर, आणि बकाराम त्याच्या ओठांना लाली लावत होता. इतक्यात नूतन सिस्टर आली. कोणाकडे तरी जेवायला बोलावलेलं होतं, जाता जाता मी धडधाकट आहे का ते बघायला डोकावली. राणीकडे पाहून तिनं ओळखलं आणि हसली.

“काय हिमांशूभाऊ, सुई दुखते का अजून?”

गुड्डूचा ओठ हलला आणि लाली गालावर गेली. बकाराम म्हणाला, “हिमांशू? सिस्टर, हा गुड्डू होय. हिमांशू तिकडे पाहुन्याइले पान वाटून राहिला. सकारच्या गाडीनं आला.”

सिस्टरचं हसू गेलं. “बकारामभाऊ, जरा ढोलकी जुळते का बघून या,” ती म्हणाली. बकाराम शहाणा माणूस, तो निघून गेला.

गुड्डूनं सगळं सांगितलं. नागऱ्याचा महादेव, आईचं म्हणणं, साफ रक्त, आणि त्यावरून वहिनीवर आलेला आळ. “वहिनी आताच आली, भावासंगं. आईनं आंगनातच थांबवली. म्हने, मंडई पाय आन परत जा.” बोलता बोलता राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मले मालूम नोहोतं, सिस्टर, असं होईन म्हनून.”

“रडू नको. भावाला बोलाव आणि वहिनीला. फक्त दोघांना.”

हिमांशू पानाचं ताट हातात घेऊनच आला. नवा शर्ट, कडक इस्त्री. मागून दामिनी आली, उन्हातून चालून आल्यानं तोंड लाल झालेलं, एक हात पोटावर. आणि त्यांच्या मागे, न बोलावता, शांतीबाई आली. ती माझ्या पलीकडे थांबली. समोर ढोलकी जोरात सुरू होती, त्यामुळे तिला काही ऐकू जात नव्हतं. तिला फक्त माझ्या खालून तीन माणसांचे पाय आणि राणीचं लुगडं दिसत होतं.

“हिमांशूभाऊ, तुम्हाला रोगाचं नाव सांगितलं का कोणी?” सिस्टरनं विचारलं.

“आई म्हनते माहं रक्त साफ निघालं.”

“तुमचं रक्त काढलं कोणी?”

“नाही.”

“मग साफ कोणाचं निघालं?”

हिमांशूनं गुड्डूकडे पाहिलं. गुड्डूनं पदर तोंडाला लावला. मग सिस्टरनं खालच्या आवाजात रोगाचं नाव सांगितलं, तो कसा लागतो ते सांगितलं, आणि पहिल्यांदा न दुखणारा फोड येतो, तो आपोआप बसतो, हेही सांगितलं. मला ती स्टेशनजवळची गल्ली आठवली. फोडाचं नाव निघताच हिमांशूच्या हातातलं ताट कलंडलं आणि पानं मातीत पडली.

“आला होता,” तो म्हणाला. “लग्नाच्या सालीच, हिवार्‍यात. रूमवरच्या पोरायसंगं एका ठिकानी गेलो होतो. दुखत नोहोता. मेडिकलवाल्यानं ट्यूब देली. बसला.”

“आन लेकरू गेलं तवा?” दामिनीनं विचारलं. “तवा तुमाले तो फोड नाही आठवला?”

“बसला म्हंजे गेला, असं वाटलं मले.”

दामिनी रडली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. ज्या नजरेनं ती सुईच्या वेळी समोरच्या भिंतीकडे बघायची, तीच ही नजर होती. मग म्हणाली, “हे मले काय सांगता? मले मालूमच होतं. आईले सांगा.”

“घरी गेल्यावर सांगतो.”

“घरात मले कोन घेऊन राहिलं? इथंच सांगा.”

“दामिनी, इथं लोकं आहेत.”

सिस्टर काहीतरी बोलायला गेली. तेवढ्यात दामिनीनं माझ्या नळीवर हात ठेवला. सुईच्या वेळी धरायची तीच नळी. आणि तिनं मला ढकललं. मातीत माझं चाक कुरकुरलं, मी बाजूला झालो, आणि पलीकडे उभी असलेली शांतीबाई समोर आली.

इतक्या वर्षांत मला नेहमी पेशंटभोवती ओढलेलं होतं. पेशंटनं स्वतःच्या हातानं मला दूर सारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हिमांशू मान खाली घालून उभा होता. दामिनी वाट बघत होती, आणि ती किती वेळही वाट बघेल हे त्याला दिसत होतं.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “दामिनीचा दोष नाही. रोग मी आनला. तिकडे हैदराबादेत लागला, माह्यापासून तिले लागला. लेकरूही त्यानंच गेलं असन.”

शांतीबाई ऐकत राहिली. तिला पटकन काही उमगलं नाही. “पन गुड्डूचं रक्त तर…”

“गुड्डूचं रक्त गुड्डूचं होय, आई.”

समोर गाणं संपलं होतं आणि ढोलकीही थांबली होती. शांतीबाई पिंपळाच्या पारावर बसली. तिनं मोठ्या पोराकडे पाहिलं, धाकट्याकडे, म्हणजे राणीकडे, पाहिलं. ज्या तोंडानं तिनं बहिणीला सांगितलं होतं, त्याच तोंडानं आता काय बोलावं हे तिला सुचत नसावं. मग सुनेला म्हणाली, “उनात काऊन उभी आहेस? घरात चाल. पानी पे.”

“येतो,” दामिनी म्हणाली. “पयले हे दवाखान्यात कधी जातेत ते सांगू द्या. नाहीतर मी भावासंगं जातो. लेकरू तिकडे तरी वाचन.”

“सकारी जातो,” हिमांशू म्हणाला. “तिन्ही सुया झाल्याबिगर हैदराबादले जात नाही.”

“आणि मी सांगेपर्यंत दोघांनी वेगळं झोपायचं,” सिस्टर म्हणाली. शांतीबाईसमोर हे बोलताना तिला लाज वाटली असावी, पण ती बोलली.

बकाराम राणीला हाका मारत होता. उठता उठता गुड्डूनं सिस्टरला हळूच विचारलं, “मंग माही सुई बेकारच गेली का?” सिस्टरला हसू आवरेना. दामिनीही हसली, थोडीशीच. त्या दिवशी राणी गाल रंगलेल्या अवस्थेतच नाचली आणि लोकांना ते सोंगातलंच वाटलं.

सकाळी मी जागेवर परत आलो आणि माझ्यामागोमाग हिमांशू आला. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. डॉक्टर मॅडमनी सुई टोचली तेव्हा त्यानंही “अगा माय वो” म्हणून हाळी दिली. आवाजापुरते दोघे भाऊ खरोखरच एका पोटचे आहेत. बाहेर बाकावर शांतीबाई बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, पोराला काय झालं. ती म्हणाली, “रक्तात दोष आहे. त्याच्याच. सुनेच्या नाही.” त्या बाईनं तिकडे दुर्लक्ष केलं तेव्हा तिनं तेच पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.

माघात गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात दामिनीला मुलगी झाली. लेकीचं रक्त तपासलं, पुढेही तपासत राहिले. पोरगी ठणठणीत आहे. आजीनं तिला डोस द्यायला पहिल्यांदा माझ्याआड आणलं, तेव्हा ती बापासारखीच आणि काकासारखीच किंचाळली. मी हे ऐकून सुखावलो, हे कबूल करतो.

शांतीबाई आता येता-जाता बाकावरच्या बायकांना विचारते, सुनेचं रक्त तपासलं का. आणि पुढे म्हणते, “नवऱ्याले घेऊन येजा. नवऱ्यालेच, देवराले नोका आनू.” बायका हसतात. का हसतात ते त्यांना ठाऊक नसतं, पण दोघीतिघींचे नवरे खरंच आले.

माझं आता फार दिवसांचं काम राहिलेलं नाही. दवाखान्याची नवी खोली बांधून झाली आहे, तिथे छताला पट्टी ठोकून सरकते पडदे लावायचे आहेत. बकाराम मला कायमचा मागतो आहे. मधल्या चौकटीवर गुड्डूच्या लालीचा डाग आहे, धुऊन धुऊन फिका झाला तरी गेला नाही, त्यामुळे दंडारीवाल्यांचा माझ्यावर हक्क आहेच म्हणा. गेलो तर जाईन. भज्यांचा वास मिळेल.

जाण्यापूर्वी एकच मागणं. लाज वाटत असेल तर माझ्याआड या, त्यासाठीच मी आहे. बोट पुढे करा, सुई घ्या, दुखलं तर हाळी द्या. पण जे घरच्या माणसाला सांगायलाच हवं, ते माझ्याआड ठेवून घरी जाऊ नका. मी जड दिसतो, तसा नाही. मला चाकं आहेत. दामिनीनं एका हातानं ढकललं होतं, दुसरा हात तिच्या पोटावर होता.